'सिव्हिलायझेशन ७' पहिल्या नऊ तासांत मनातून उतरला, पुढे खेळावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'सिव्हिलायझेशन' (थोडक्यात सिव्ह) या टर्न घेत, म्हणजे पाळीपाळीने, संस्कृती उभी करायच्या संगणक गेमच्या पाचव्या आणि सहाव्या भागाला मिळून हजाराच्या वर तास दिलेत. 'सिव्हिलायझेशन ७' फेब्रुवारी २०२५ मध्ये आल्या आल्या घेतला, नेता म्हणून अशोक आणि संस्कृती म्हणून मौर्य निवडले, नऊ तास खेळलात. पहिलं युग संपलं आणि "माझं राज्यच कुणीतरी काढून घेतलं" असं वाटून गेम बंद केलात. आता गेम फसलाय की तुम्हालाच नवं पचत नाहीये, आणि आणखी वेळ घालावा का, असं विचारताय.

मी पुण्यात चौदा वर्षं गेम टेस्टिंगमध्ये आहे. त्यातली बरीच वर्षं एकच काम केलंय. खेळाडू नवा गेम पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा त्याच्या मागे वही घेऊन बसायचं, तोंड उघडायचं नाही, आणि तो कुठे थबकतो, कुठे वैतागतो, कुठे खुर्चीत पुढे सरकून बसतो ते वेळेसकट लिहायचं. सिव्ह मी २००१ च्या तिसऱ्या भागापासून खेळतोय. सातव्या भागात आत्तापर्यंत माझ्या तीन पूर्ण खेळी झाल्यात, त्याही सुरुवातीच्या आवृत्तीत; खाली सांगितलेले नियम तेव्हाचे आहेत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पैशांचं आधी बोलून टाकतो. स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, हक्काने परतावा मिळतो तो खरेदीला १४ दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. तुमचे नऊ झालेत. गेम तुमच्याकडेच राहणार असं धरून चाला. प्रश्न आता तुमच्या वेळेचा आहे, आणि त्याच्या मुळाशी दुसरा एक प्रश्न आहे: या नऊ तासांत जे वाटलं त्यातलं किती गेमबद्दल आहे आणि किती हजार तासांनी तुमच्या हाताला लावलेल्या वळणाबद्दल?

जुन्या मालिकेचा नवा भाग तपासताना आम्ही तक्रारींचे तीन ढीग करतो. पहिला ढीग सवय मोडल्याचा: बोट जिथे जातं तिथे आता ते बटण नाही. दुसरा अपुऱ्या कामाचा: जे असायलाच हवं होतं ते नाही, किंवा आहे पण धड चालत नाही. तिसरा करणाऱ्यांनी समजून-उमजून घेतलेल्या निर्णयांचा: त्यांना नेमकं हेच हवं होतं, तुम्हाला ते नको आहे. पहिल्या ढिगातल्या तक्रारी खेळता खेळता विरतात, दुसऱ्यातल्या पॅच (नंतरच्या दुरुस्त्या) आले की सुटतात, तिसऱ्यातल्या सहसा तशाच राहतात. अडचण अशी की पहिल्या दहा तासांत तिन्हींची चव एकच लागते. काहीतरी चुकतंय, एवढंच कळतं.

हे मी कामावर एकदा चांगलंच शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मोबाइल क्रिकेट गेमचा तिसरा भाग तपासत होतो. फटका मारायची पद्धत बदलली होती. आधी बटण दाबायचं, आता बोट ओढायचं. आधीचे दोन्ही भाग मनापासून खेळलेली बारा मुलं बोलावली. पहिल्या दिवशी बाराच्या बारा जणांनी नव्या बॅटिंगला शिव्या घातल्या. त्यांना रोज थोडा वेळ असं दहा दिवस खेळवलं. सहाव्या दिवसापासून बॅटिंगचा विषय कुणी काढेना. पण एक मुलगा होता, पहिल्या दिवशी सगळ्यांत कमी बोललेला. तो दहाव्या दिवशीही तेच म्हणत होता: "आउट झालो की काय चुकलं ते गेम बघूच देत नाही." सामना भरभर व्हावा म्हणून आउट झाल्यावरचा रिप्ले काढून थेट पुढचा फलंदाज आणला जात होता. बॅटिंगवरच्या आरडाओरड्यात ती तक्रार माझ्या अहवालात तळाशी एका ओळीत गेली. गेम बाजारात आल्यावर लोकांनी वारंवार नावं ठेवली ती त्याच गोष्टीला. तेव्हापासून मी पहिल्या दिवशीच्या तक्रारी सगळ्या लिहून घेतो, पण त्यातली कुठली टिकते ते कळेपर्यंत निकाल देत नाही.

आता सिव्हकडे. या मालिकेत प्रत्येक वेळी हेच झालंय. २०१० मध्ये पाचवा भाग आला तेव्हा मी चौथ्या भागात मुरलेलो होतो. चौथ्यात नकाशावरच्या एकाच चौकोनी घरावर पंधरा-वीस युनिटं (तुकड्या) रचून नेता यायची. पाचव्याने चौकोन काढून षटकोन आणले आणि एका घरावर एकच लढाऊ युनिट ठेवायचा नियम केला. शिवाय चौथ्यात असलेला धर्म गायब, हेरगिरी गायब. पहिल्या आठवड्यात मी मित्रांना सांगत सुटलो होतो की मालिका संपली. माझ्या तेव्हाच्या तक्रारी आज वेगळ्या केल्या तर काय दिसतं? षटकोन आणि एक-घर-एक-युनिट यांबद्दलचा राग निव्वळ सवयीचा होता. महिनाभरात मला जुन्या ढिगाऱ्यासारख्या फौजा बघवेनात. धर्म आणि हेरगिरी नसणं हे अपुरं काम होतं. २०१२ च्या विस्ताराने ते भरून काढलं, २०१३ च्या विस्ताराने व्यापारी मार्ग आणि विचारसरणी आणल्या, आणि तो गेम मी सर्वांत जास्त खेळलो. पण संगणकाला त्या एका-एका घरात फौज हलवता येत नाही, ही तक्रार शेवटपर्यंत राहिली. ती त्या निर्णयाचीच किंमत होती. पहिल्या आठवड्यात मी सर्वांत मोठ्याने ओरडलो होतो षटकोनांवर, आणि शेवटी राहिलेली तक्रार तेव्हा माझ्या बोलण्यात जेमतेम होती.

२०१६ ला सहाव्याचंही तसंच झालं. शहराचे जिल्हे नकाशावर पसरवायचे, शेतं-खाणी बांधणारा बिल्डर तीन कामं करून संपायचा, चित्रशैली कार्टूनसारखी. तेव्हा पाचव्याच्या प्रेमात असलेले लोक जे बोलत होते, तेच आज सहाव्याच्या प्रेमात असलेले सातव्याबद्दल बोलतायत. यावरून सातवाही पुढे आवडेलच असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या गेमांना वेळ लागला म्हणून नव्याला उधारीवर मार्क द्यायचे नसतात. सांगायचं एवढंच, की नऊ तासांचं मत हे कच्चं मोजमाप आहे.

या मालिकेत तिचे जनक सिड मायर यांच्यापासून चालत आलेला एक नियम सांगितला जातो. नव्या भागात एक तृतीयांश जुनं तसंच ठेवायचं, एक तृतीयांश सुधारायचं, एक तृतीयांश नवं आणायचं. सातव्यात हे प्रमाण फार बिघडलंय असं मला वाटत नाही. प्रश्न आहे तो नव्याचा तिसरा हिस्सा कुठे पडलाय याचा. १९९१ च्या पहिल्या भागापासून या खेळाचं वचन एकच होतं: इसवी सनपूर्व ४००० मध्ये एक वस्ती वसवा आणि तीच संस्कृती अंतराळापर्यंत न्या. या वेळी बदल नेमका तिथेच केलाय. खेळ तीन युगांत तोडलाय: प्राचीन, शोधयुग आणि आधुनिक. प्रत्येक युगाच्या शेवटी तुमची संस्कृती बदलते. म्हणून तुम्हाला बसलेला धक्का मी सवयीच्या ढिगात टाकून मोकळा होणार नाही. षटकोनांपेक्षा हा घाव खोल आहे.

आता तुम्हाला खटकलेल्या गोष्टी एकेक करून ढिगात टाकू. सोप्या आधी.

बिल्डर गेले. लोकसंख्या वाढली की नकाशावरचं एक घर निवडायचं, शेत किंवा खाण आपोआप होते. तुम्ही म्हणता "हाताला कामच उरलं नाही." हा पहिला ढीग. दुसऱ्या खेळीपर्यंत तुम्हाला कळेल की काम गेलेलं नाही, त्याची जागा बदललीय. कुठलं घर ग्रामीण ठेवायचं, कुठलं शहरी करायचं, कुठल्या घरावर कुठल्या दोन इमारती शेजारी बसवायच्या, हा विचार सहाव्यातल्या जिल्ह्यांपेक्षा जास्त आहे. गावांचंही तसंच. नवी वस्ती आता आधी गाव असते, तिचं उत्पादन सोन्यात बदलतं, आणि सोनं मोजून तुम्ही तिचं शहर करता. पहिल्या खेळीत मी प्रत्येक गावाचं शहर करत गेलो, कारण सहाव्यात वस्ती म्हणजे शहरच. ती माझी चूक होती. चार शहरं आणि त्यांना पोसणारी पाच-सहा गावं, ही या खेळाची चाल आहे.

सेनापती ही तर मला या भागातली सर्वांत चांगली कल्पना वाटते. अनुभव आता सुट्या युनिटांना मिळत नाही, सेनापतीला मिळतो. तो फौज पोटात घेऊन चालतो आणि रणांगणावर उलगडतो. वीस युनिटं एकेक करून डोंगरातून ढकलायचा पाचव्या-सहाव्यातला कंटाळा संपला. तुम्ही याला "अनावश्यक गुंतागुंत" म्हटलंय. एक युद्ध मनापासून लढून बघा आणि मग सांगा.

दुसऱ्या ढिगात टाकायच्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. गेम आला तेव्हा इंटरफेस, म्हणजे पडद्यावरची बटणं आणि माहिती, अपुरा होता. घरावर माउस नेला तर आकडा कुठून आला ते कळायचं नाही. शहराचं नाव बदलता येत नव्हतं. नकाशा आवडला नाही तर एका बटणात नवा सुरू करता येत नव्हता. आधुनिक युग संपलं की खेळ संपला. जिंकल्यावर 'आणखी एक टर्न' म्हणत खेळत राहायची सोय नव्हती, आणि ज्या मालिकेची ओळखच 'आणखी एक टर्न' आहे तिच्यात ती नसणं मला फार लागलं. पूर्ण किंमत घेऊन विकलेल्या गेममध्ये हे चालवून घेऊ नये. मी टेस्टर आहे. अशा गोष्टी कुणाच्याच नजरेला आल्या नसतील यावर माझा विश्वास बसत नाही. तारीख ठरलेली असते आणि यादीतलं काहीतरी गाळावं लागतं, हे मी आतून बघितलंय. पण तो त्यांचा प्रश्न आहे, पैसे देणाऱ्याचा नाही. शहराचं नाव बदलणं आणि 'आणखी एक टर्न' या सोयी २०२५ च्या पॅचमध्येच आल्या. उरलेल्या गोष्टीही सुटतील असं मला वाटतं. तुमचा गेम सोडण्याचा निर्णय फक्त यांच्यावर ठरणार असेल, तर गेम सोडू नका, बाजूला ठेवा आणि पॅच टाकून उघडा.

खेळता येणाऱ्या संस्कृतींच्या यादीबद्दलही एक शब्द. मुघल 'आधुनिक' युगात आणि मराठे यादीतच नाहीत, हे मराठी माणसाला पहिल्या दिवशी खुपणार. मलाही खुपलं. ब्रिटनसुद्धा पहिल्या यादीत नव्हता. तो मार्च २०२५ मध्ये वेगळे पैसे मोजून घ्यायच्या भागात आला. म्हणजे यादी वाढते, पण तुमच्या खिशातून. हे धोरण मला आवडलेलं नाही. मात्र गेम खेळायला कसा आहे याच्याशी त्याची गल्लत करू नका.

आता तो तुमचा क्षण. पाटलीपुत्र वसवलं, अशोकाच्या नावाने नऊ तास राज्य उभं केलं, आणि पडद्यावर आलं की युग संपलं, नवी संस्कृती निवडा. चोल निवडलेत. उघडून बघता तर राजधानी सोडून बाकी शहरांची परत गावं झालेली, इमारती जुन्या ठरलेल्या, सैन्याचा मोठा भाग गायब, चालू असलेलं युद्ध हवेत विरलेलं. हा तिसरा ढीग आहे. हे त्यांनी ठरवून केलंय.

का केलं ते मला समजतं. बहुतेक लोक सिव्हची खेळी पूर्ण करतच नाहीत, हे गेम करणाऱ्यांनीच उघड सांगितलंय. माझाही अनुभव तोच. सहाव्यात दीडशेव्या टर्नपर्यंत कोण जिंकणार ते ठरलेलं असायचं आणि पुढचे दोनशे टर्न म्हणजे नुसती कारकुनी. माझ्याकडे सेव्ह केलेल्या अर्धवट खेळींचा ढीग आहे. तीन युगांमुळे पुढे गेलेल्याला थोडं मागे ओढलं जातं, मागे पडलेल्याला श्वास मिळतो, आणि प्रत्येक युगाची सुरुवात पुन्हा उत्सुकतेची होते. सातव्यातल्या तिन्ही खेळी मी शेवटपर्यंत नेल्या. आधीच्या कुठल्याच भागात पहिल्या तीन खेळी मी पूर्ण केल्या नव्हत्या. म्हणजे औषध लागू पडलंय.

तरी दुखतं का? इतिहास थरांवर थर चढून बनतो, असं गेम करणाऱ्यांचं म्हणणं आहे. महाराष्ट्रात वाढलेल्याला हे पटवून द्यावं लागत नाही. देवगिरीचाच किल्ला घ्या. यादवांचा. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची स्वारी झाली. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी तिथे नेली आणि नाव दौलताबाद झालं. पुढे बहमनी, मग निजामशाही, १६३३ मध्ये मुघल. थरावर थर. पण या गोष्टीत टिकलं काय? किल्ला टिकला. खडक, खंदक, पायथ्याची वस्ती, तिथली शेतं टिकली. धनी बदलत गेले. आपल्याकडे लोक इतिहास असाच सांगतात: जागा तीच, राज्य कुणाचं ते बदललं.

सातव्या भागात याच्या उलट होतं. अशोक तिन्ही युगं तोच राहतो, आणि त्याच्या पायाखालची शहरं आणि प्रजेची ओळख बदलते. जे बदलायला हवं ते अमर, आणि ज्याला धरून राहायचं ते निसटतं. माझ्या मते तुम्हाला "राज्य काढून घेतलं" असं वाटलं ते इथून आलंय. तुमचा जीव पडद्यावरच्या अशोकात गुंतलेला नव्हताच. तो त्या नदीकाठच्या तिसऱ्या शहरात गुंतला होता, जे तुम्ही दोन हल्ल्यांतून वाचवलंत, आणि त्याचंच गाव झालं. त्यात मौर्यांनंतर चोल, म्हणजे पाटलीपुत्रात बसून तंजावरच्या राज्याचे वारस व्हायचं. खेळाच्या हिशोबात ते चालतं, मनाला जोडून देणारा धागा मात्र गेम देत नाही. युग संपतं तेव्हा एक पडदा पडतो आणि दुसरा उघडतो. मधे काय झालं ते कुणी सांगत नाही. कल्पना मला बरोबर वाटते, ती समोर ठेवायची रीत चुकलीय. रीत पुढे सुधारू शकते. कल्पना तिथेच राहील असं धरून निर्णय घ्या.

या धक्क्याचा एक हिस्सा मात्र माहिती नसल्यामुळे बसतो, आणि तो तुम्ही आजच कमी करू शकता. प्राचीन युगात चार वारसा-मार्ग असतात. सात वंडर्स (जगप्रसिद्ध वास्तू) बांधायची, दहा ग्रंथ मांडायचे, वीस संसाधनं शहरांना लावायची, किंवा बारा वस्त्यांचं साम्राज्य करायचं, ज्यात जिंकलेली वस्ती दुप्पट मोजली जाते. एखादा मार्ग पूर्ण केला की पुढच्या युगात त्याचं सुवर्णयुग निवडता येतं. यातला संसाधनांचा मार्ग पूर्ण करून ते सुवर्णयुग घेतलंत तर शहरांची गावं होत नाहीत, शहरं शहरंच राहतात. तुमचा अर्धा राग इथेच संपला असता. गेमने हे ठळक सांगायला हवं होतं. सैन्याचंही तसंच. सेनापतींच्या हाताखाली बसेल ते बव्हंशी पुढे येतं, म्हणून युग संपायच्या आधी नवी युनिटं काढण्यापेक्षा आणखी एक सेनापती काढावा आणि सगळ्यांना आत घ्यावं. युग किती सरलं ते दाखवणारी पट्टी सत्तर-ऐंशी टक्क्यांवर गेली की लवकरच जुन्या ठरणाऱ्या इमारती बांधू नयेत. वंडर्स, स्वतःच्या संस्कृतीच्या खास इमारती आणि ज्यांच्यावर 'कालातीत' असा शिक्का आहे त्या पुढेही टिकतात. युगाच्या अखेरीस येणारं संकट ही शिक्षा आहे असं धरू नका. ती आवराआवरीची घंटा आहे. पहिल्या खेळीत मी ती ऐकलीच नाही, आणि माझंही असंच झालं होतं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुम्ही सिव्ह कशासाठी खेळता, हे मला तुमच्या प्रश्नातून नीट कळलं नाही. एका राष्ट्राची सलग गोष्ट जगायला खेळत असाल, नावं ठेवत, सीमा आखत, मनात कादंबरी रचत, तर हा भाग आत्ता तुमच्यासाठी नाही. सहावा कुठे गेलेला नाही. कोडं सोडवायला खेळत असाल, म्हणजे मिळालेल्या जमिनीतून जास्तीत जास्त काय काढता येईल ते बघायला, तर सातवा तुम्हाला महिनाभर जागा ठेवेल. मित्रांसोबत खेळत असाल तर एका बैठकीत एक युग संपवता येतं, ही फार मोठी सोय आहे. आमचा चौघांचा गट सहाव्यात एकही खेळी संपवू शकला नव्हता. या वेळी एका शनिवारी रात्री प्राचीन युग पूर्ण झालं. आठवड्याला तीन-चार तासच मिळत असतील, तर नवं शिकण्यात ते घालवायचे का, हे तुम्हीच ठरवायचं.

पुढे खेळणार असाल तर माझ्या मते असं खेळा. ती थांबवलेली खेळीच पुढे न्या, नवी सुरू करू नका. नवी सुरू केलीत तर तुम्ही पुन्हा प्राचीन युगच खेळाल, जे तुम्हाला आधीच आवडलंय, आणि मत आहे तिथेच राहील. चोल समुद्राचे आहेत आणि शोधयुग समुद्रापलीकडे जाण्याचं आहे, त्यामुळे जोडी चांगली जमते. पहिल्या काही टर्नमध्येच दोन जहाजं पैलतीराच्या शोधात काढा, तिथे वस्ती करा, खजिन्याची जहाजं घरी आणा. या युगातल्या सांस्कृतिक मार्गाचं नाव 'तोषाखाना' आहे, आपल्या ओळखीचा शब्द. त्यात धर्मप्रसार करून अवशेष गोळा करायचे असतात. धर्मप्रसारकांची धावपळ मला कंटाळवाणी वाटली, तुम्ही खजिन्याच्या मागे जा.

आधुनिक युगाकडून मोठी अपेक्षा ठेवू नका. तिन्हींत ते सर्वांत कच्चं आहे. कारखाने, रेल्वे, विचारसरणी सगळं आहे, पण जिंकण्याकडे इतकी घाई होते की उभं केलेलं बघायला वेळ मिळत नाही. माझ्या तिन्ही खेळींत उत्साह इथेच ओसरला. तरी एकदा ते संपवा. शेवट बघितल्याशिवाय युगांची विभागणी पटते की नाही ते कळणार नाही.

या काळात सहावा उघडू नका, निदान ही खेळी संपेपर्यंत. टेस्टिंगमध्ये आम्ही मुलांना जुना भाग खेळायची बंदी करतो, कारण एक तास जुनं खेळलं की तीन दिवसांचं नवं वळण पुसतं. जवळ कागद ठेवा. चीड आली की एक ओळ आणि कितवा टर्न ते लिहा, कारण लिहू नका. खेळाडूला कुठे दुखतं ते नेमकं कळतं, पण का दुखतं याबद्दलचा त्याचा अंदाज बहुधा चुकतो. माझाही चुकतो, म्हणून मी स्वतःसाठीही तसंच लिहितो. खेळी संपल्यावर कागद वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: आजही खटकतं की नाही.

थोडक्यात, बिल्डर, गावं आणि सेनापती यांवरचं तुमचं मत बदलेल असं मला वाटतं. इंटरफेसवरचं बदलायची गरज नाही, तिथे तुमचंच खरं आहे. युगबदलाचा अर्धा धक्का संसाधनांच्या मार्गाने टळतो. उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरी खेळी लागेल.

त्या दुसऱ्या खेळीत मौर्य-चोल-मुघल अशी ठरलेली वाट धरू नका. मौर्यच घ्या, पण प्राचीन युगातच घोड्यांची तीन संसाधनं हाताशी आणून विकसित करा. त्याने पुढच्या युगासाठी मंगोल खुले होतात. मी हे केलं तेव्हा पहिल्या शंभर टर्नमधली माझी गवताळ जमीन, तिथल्या वस्त्या, घोड्यांसाठी शेजाऱ्याशी झालेलं युद्ध, हे सगळं नव्या संस्कृतीचं कारण झालं. बदल वरून लादला गेला नाही, माझ्याच जमिनीतून उगवला. तिन्ही खेळींत तेवढ्या एकाच वेळी युग पालटताना मला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते खेळून झालं की इथेच लिहा, त्या कागदावरच्या राहिलेल्या ओळींसकट.